मराठी शोधनिबंध पत्रिकेकडे पाठवण्याआधी : नवख्या संशोधकांसाठी

पीएचडीचं एखादं प्रकरण हातावेगळं झालं की गाईड म्हणतात, "याचा एक पेपर करून टाका." पण कुठल्या पत्रिकेला, किती शब्दांत, कुठल्या फॉन्टमध्ये आणि संदर्भ कोणत्या पद्धतीनं, हे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजी जर्नलांच्या संकेतस्थळांवर लेखकांसाठी पानंच्या पानं सूचना असतात. मराठीत यातलं पुष्कळसं ऐकीव चालतं. म्हणून इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. संहिता तयार करणं म्हणजे ती सजवणं नव्हे. तुमची फाइल संपादक उघडणार, परीक्षक वाचणार आणि अक्षरजुळणी करणारा ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेणार. या तिघांचं काम जिच्यामुळे अडत नाही ती चांगली संहिता. पानाभोवतीची महिरप, रंगीत शीर्षक, छायांकित अक्षरं हे सगळं त्यातल्या तिसऱ्या माणसाला आधी काढून टाकावं लागतं.

पत्रिका आधी ठरवा

निबंध पूर्ण लिहून मग पत्रिका शोधायची, ही उलटी रीत आहे. वाईचं 'नवभारत', मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन', मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' ही नावं नुसती शेजारी ठेवली तरी लक्षात येईल की एकच निबंध तिन्हींना चालणार नाही. ज्या पत्रिकेला पाठवायचंय तिचे अलीकडचे दोन-तीन अंक ग्रंथालयात बसून चाळा. निबंध किती लांबीचे आहेत, टिपा पानाच्या तळाशी आहेत की शेवटी, उपशीर्षकं कशी आहेत, इंग्रजी सारांश आहे का, हे पाहा. छापील सूचना नसतील तर हे अंक हीच नियमावली समजायची.

आता खऱ्या-खोट्याची पारख. मोबाइलवर जाहिराती येतात : 'यूजीसी केअर लिस्टेड, दोन दिवसांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र'. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१९ साली सुरू केलेली मान्य पत्रिकांची केअर यादी आपण बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याबरोबर काही सूचक निकष देऊन पत्रिका पारखण्याची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांवर सोपवली. तेव्हा आजही केअरच्या नावावर पैसे मागणारा माणूस बंद पडलेल्या दुकानाची पावती फाडतोय. तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा नियम काय, हे संशोधन कक्षात जाऊन लेखी पाहून या. आयोगाच्या २०२२च्या पीएचडी नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आलेला असण्याची सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट मात्र असू शकते.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, तपासणं सोपं आहे. तो आठ अंकी असतो, चार-चारच्या दोन गटांत लिहिलेला. शेवटचा अंक आधीच्या सातांवरून गणितानं निघतो आणि कधी त्या जागी एक्स हे अक्षर येतं. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाका आणि समोर येणारं नाव पत्रिकेच्या नावाशी जुळतंय का पाहा. मात्र हा क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नाही. नियतकालिकाची ओळख पटावी एवढाच त्याचा उपयोग. 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणजे पत्रिकेतल्या लेखांचे सरासरी किती वेळा दाखले दिले गेले तो आकडा. त्याचंही तसंच. ज्याला खरोखर हे नाव आहे तो आकडा क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये येतो. मराठी पत्रिकेच्या मुखपृष्ठावर दोन दशांश स्थळांपर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर छापलेला दिसला तर तो कुणी मोजला, असं सरळ विचारावं.

एक निबंध एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवा. उत्तर लवकर येत नाही म्हणून दुसरीकडेही धाडला आणि दोन्हीकडे छापून आला, तर दोन्ही संपादकांची दारं बंद होतात. मराठीतलं हे जग लहान आहे, संपादक एकमेकांना ओळखतात.

प्रकरणाचा निबंध करताना

प्रबंधाचं प्रकरण साठ-सत्तर पानांचं असतं आणि त्यात तुम्हाला जे जे माहीत आहे ते ते सगळं असतं. गाईडला आणि बहिःस्थ परीक्षकाला ते दाखवायचंच असतं. पत्रिकेच्या वाचकाला त्यातलं एकच हवं असतं : तुम्ही नवीन काय म्हणताय?

समजा तुमचा विषय आहे कोल्हापूर संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. १९१७ साली शाहू महाराजांनी कायदा केला, हे वाचकाला माहीत आहे. त्यावर चार पानं खर्चू नका. कायदा झाल्यावर गावात शाळा उघडली का, शिक्षक कुठून आले, पालकांना दंड खरंच झाला का, यांपैकी तुमच्या कागदपत्रांतून ज्या एका प्रश्नाचं उत्तर निघतं तो प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा दोन परिच्छेदांत बसतो. या प्रश्नावर कोण काय म्हणालं आणि काय सुटलं, तेवढंच त्यात असावं.

मराठी शोधनिबंधांत एक साचा रुळलेला आहे : प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, व्याप्ती व मर्यादा, निष्कर्ष, शिफारशी. प्रश्नावली भरून घेऊन केलेल्या शिक्षणशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या अभ्यासाला तो शोभतो. तुकारामांच्या अभंगांवरच्या निबंधात 'गृहीतक क्र. १' वाचलं की मात्र परीक्षक पुढचं पान नाखुशीनं उलटतो. साहित्य आणि इतिहासात युक्तिवादाच्या ओघानं उपशीर्षकं द्या. 'शिफारशी' तर बहुतेकदा सरळ कापाव्यात. शासनानं काय करावं हे सांगण्यासाठी पत्रिका तुमचा निबंध छापत नसते.

फाइल : युनिकोड आणि बाकीचं

मराठी संहिता सगळ्यात जास्त इथेच अडकते, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेली फाइल पुष्कळदा श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. तो फॉन्ट ज्याच्या संगणकावर नाही त्याला अगम्य अक्षरांची माळ दिसते. तपासायची युक्ती सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून स्वतःलाच ईमेलनं पाठवा आणि फोनवर उघडा. मराठी दिसलं तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तेच अक्षर दाखवणारी सर्वमान्य पद्धत. खिचडी दिसली तर जुना फॉन्ट. टायपिंगला देतानाच 'युनिकोडमध्येच हवं' असं बजावलेलं बरं. स्वतः टाइप करत असाल तर इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या. सुरुवातीला हात अडखळतात, पण जोडाक्षरं हवी तशी आणि खात्रीनं उमटतात.

जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर आहेत. ती वापरा, पण त्यानंतरचं काम टाळू नका. मूळ फाइलची पीडीएफ शेजारी ठेवून पान न् पान ताडून बघा. चुका ठरावीक ठिकाणी होतात : ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढेमागे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'मधला ऱ्य बिघडून 'दुसर्या' होतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं, आकडे बदलतात. यातली आकड्यांची चूक सगळ्यात घातक, कारण १८७३ चं १८७८ झालेलं वाचताना खटकत नाही.

आणखी एक अदृश्य अडचण आहे. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एकदा ते सलग एकच अक्षर असतं, एकदा 'अ'वर चंद्र बसवलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी वेगळे. 'ऱ्य'चंही असंच होतं. मग फाइंड-रिप्लेसनं 'ॲक्ट' शोधायला गेलात की निम्मे सापडतात आणि निम्मे तसेच राहतात. निबंध दोघांनी मिळून लिहिला असेल किंवा अर्धा फोनवर टाइप केला असेल, तर हे हमखास घडतं. एक रूप ठरवा आणि दुसरं शोधून बदलून घ्या.

वर्डमध्ये देवनागरीचा आकार बदलूनही बदलत नाही, ही तक्रार नेहमीची. फॉन्टच्या खिडकीत रोमन लिपीसाठी एक रकाना असतो आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाचा दुसरा. देवनागरी त्या दुसऱ्यात मोडते. तिथे फॉन्ट आणि आकार ठरवला की काम होतं.

बाकी मांडणीचं थोडक्यात सांगायचं तर ए-फोर पान, चारही बाजूंना एक इंच समास, ओळींत दीडपट किंवा दुप्पट अंतर, डावीकडे जुळवलेला मजकूर, खाली पृष्ठक्रमांक. पत्रिकेनं वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच तसं. उपशीर्षक नुसतं ठळक करू नका, वर्डची 'हेडिंग' शैली लावा, म्हणजे जुळणी करणाऱ्याला ती सगळी एका फटक्यात ओळखता येतात. परिच्छेद आत सरकवायला स्पेसबार आणि नवं पान सुरू करायला दहा वेळा एंटर, हे दोन्ही बंद करा. पाठवताना वर्डची फाइल आणि तिची पीडीएफ अशा दोन्ही पाठवा. काही अक्षर बिघडलं तर मूळ कसं होतं ते पीडीएफमधून कळतं.

नाव कुठे, नाव कुठे नको

ज्या पत्रिकांत परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं, तिथे दोन फाइली करा. पहिलीत शीर्षक, तुमचं नाव, पद, संस्था, ईमेल, फोन, निधी कुणी दिला असल्यास त्याचा उल्लेख आणि ऋणनिर्देश. दुसरीत फक्त निबंध. 'माझ्या प्रबंधात मी दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य दुसऱ्या फाइलीत राहिलं की पहिली करून काही उपयोग नाही. स्वतःच्या जुन्या लेखनाचा उल्लेख तिऱ्हाइताच्या लेखनासारखा करा. वर्ड फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचं नाव नोंदलेलं असतं. डीटीपीवाल्याच्या संगणकावर केलेल्या फाइलीत तर त्याच्या दुकानाचं नाव निघतं. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या सोयीनं ते आणि उरलेल्या कॉमेंट्स पुसता येतात.

नाव एकदा ठरवा आणि कायम तेच ठेवा. एका लेखावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर वडिलांच्या नावासकट तिन्ही, असं झालं की दहा वर्षांनी या तिघी एकच, हे कुणाला कळणार? कोणतं नाव ठेवायचं तो तुमचा प्रश्न, पण बदलत राहू नका. ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळखक्रमांक फुकट मिळतो. तो काढून ठेवला की नाव बदललं किंवा रोमन स्पेलिंग वेगळं पडलं तरी लेखन एकाच खात्यावर जमा होतं.

राहता राहिला नाजूक प्रश्न : गाईडचं नाव सहलेखक म्हणून घालायचं का? त्यांनी निबंधाच्या आखणीत, सामग्रीच्या विश्लेषणात किंवा लेखनात खरंच हात घातला असेल तर जरूर घाला. एरवी त्यांची जागा ऋणनिर्देशात. हे बोलायला अवघड जातं हे खरं, पण निबंध सुरू करतानाच बोललेलं परवडतं.

सारांश आणि बीजशब्द

सारांश दीडशे ते अडीचशे शब्दांचा, आणि तो सगळ्यात शेवटी लिहायचा. 'सदर निबंधात अमुक विषयाचा सविस्तर आढावा घेण्यात आला असून विविध पैलूंवर प्रकाश टाकण्यात आला आहे' हे वाक्य कोणत्याही निबंधाला चालतं, म्हणून ते कुठेच चालत नाही. प्रश्न काय होता, कोणती साधनं पाहिली, काय सापडलं आणि त्यामुळे आधीच्या समजुतीत काय बदलतं, एवढं सांगितलं की झालं. पत्रिका इंग्रजी सारांश मागत असेल तर तो यंत्राकडून करून घेतला तरी स्वतः वाचा आणि एखाद्या इंग्रजी जाणणाऱ्या मित्राला दाखवा. मराठी न वाचणाऱ्याच्या हाती तुमच्या निबंधातलं तेवढंच लागणार आहे.

बीजशब्द (कीवर्ड) पाच-सहा द्या. 'शिक्षण', 'समाज' असले मोठे शब्द कुणी शोधत नाही. 'कोल्हापूर संस्थान', 'सक्तीचे प्राथमिक शिक्षण' असे नेमके शब्द घ्या.

संदर्भ

मराठी शोधलेखनात संदर्भांची एकच सर्वमान्य पद्धत नाही. साहित्य-इतिहासात क्रमांक देऊन तळटीप किंवा अंत्यटीप चालते. समाजशास्त्रांत मजकुरातच कंसात आडनाव, वर्ष आणि पृष्ठ देतात आणि शेवटी सूची जोडतात. एपीए, एमएलए, शिकागो या पद्धती इंग्रजी पुस्तकांसाठी घडल्या. मराठीत आणताना प्रत्येक पत्रिका त्यांना आपापली मुरड घालते. तेव्हा अंकात दिसेल ती पद्धत उचला आणि मग स्वल्पविरामापर्यंत तीच पाळा.

नावापासून सुरुवात करू. सूचीत आडनाव आधी : 'राजवाडे, वि. का.' संतांना आडनावाची सक्ती करू नका. तुकाराम हे तुकाराम म्हणूनच यावेत. टोपणनाव असेल तर पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर जे छापलंय ते घ्या. कुसुमाग्रज म्हणून छापलेली कविता कुसुमाग्रजांच्या नावावर, शिरवाडकर म्हणून छापलेलं नाटक शिरवाडकरांच्या नावावर. नावाची रूपंही ठरवून घ्या. जोतीराव, जोतिबा, ज्योतिबा ही तिन्ही एकाच निबंधात नांदू नयेत. मूळ उताऱ्यात मात्र जसं असेल तसंच ठेवा.

सूची अकारविल्हे लावायची, मराठी पुस्तकं वेगळी आणि इंग्रजी वेगळी. क्रम संगणकाकडून लावून घेतलात तर क्ष आणि ज्ञ कुठे गेलेत ते बघा. वर्णमालेत आपण ते शेवटी म्हणून शिकतो, संगणक मात्र त्यांना बहुधा क आणि ज मध्ये घालतो. दोन्ही क्रम प्रचारात आहेत. पत्रिकेचा कोणता ते पाहा.

जुन्या पुस्तकावर शकाचं वर्ष असतं. शीर्षकपृष्ठावर 'शके १८०५' असेल तर ते तसंच लिहून चौकटी कंसात इसवी सन द्या. शकात ७८ मिळवले की सन निघतो, पण शक चैत्रात बदलत असल्यामुळे जानेवारी ते मार्चच्या सुमाराला ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर १८८३-८४ असं लिहिणं प्रामाणिक. मोडी कागदांत शुहूर सन ही जुनी अरबी वळणाची कालगणना भेटेल. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. हे गणित तोंडी न करता जंत्री उघडून करावं.

आवृत्तीचा घोळ सगळ्यात जास्त होतो. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ची. पण तुम्ही ती वाचलीत समग्र वाङ्मयात आणि पृष्ठक्रमांकही तिथलाच दिलात. तर नोंद अशी हवी : फुले, जोतीराव. 'गुलामगिरी' (१८७३). समाविष्ट : महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. धनंजय कीर व स. गं. मालशे. मुंबई : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९६९. नुसतं 'फुले १८७३, पृ. ११५' लिहिलं तर ते पान कुणालाच सापडणार नाही, कारण १८७३च्या पुस्तकाची पानं निराळी. समग्र वाङ्मयाच्या पुढच्या आवृत्त्यांतही पृष्ठांक बदललेले असू शकतात. म्हणून हातात होती तीच आवृत्ती लिहा.

पुराभिलेखातल्या कागदाचा संदर्भ पुस्तकासारखा देता येत नाही. कागद कुठे ठेवलाय हे दुसऱ्याला कळलं पाहिजे. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचा कागद असेल तर दफ्तराचं नाव, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक, असल्यास पुडक्याचा क्रमांक आणि कागदाची तारीख. मुंबईच्या अभिलेखागारातल्या ब्रिटिशकालीन फाइलींना विभाग, वर्ष, खंड आणि कंपायलेशन क्रमांक लागतो. हे तपशील कागद हातात असतानाच वहीत उतरवून घ्यायचे. निबंध लिहिताना केवळ एका रुमालाच्या क्रमांकासाठी पुन्हा पुण्याची एसटी पकडायला नको.

'तत्रैव' (त्याच ठिकाणी) आणि 'उपरोक्त' (वर सांगितलेलं) हे शब्द संहिता अंतिम होईपर्यंत वापरू नका. परीक्षकाच्या सूचनेवरून मधे एक टीप घुसवली की पुढचं 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. तोवर प्रत्येक टिपेत 'फुले, पृ. ११५' असं छोटं रूप असू द्या. टिपांचे क्रमांकही हातानं टाइप न करता वर्डच्या तळटिपेच्या सोयीनं घाला.

संकेतस्थळाचा दुवा देताना पाहिल्याची तारीख द्या. देवनागरी शब्द असलेला दुवा कॉपी केला की टक्केचिन्हांची लांबलचक शेपटी येते आणि छापताना ती दोन ओळी खाते. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असेल तर तो द्या, नसेल तर पानाचं शीर्षक आणि संस्थेचं नाव स्पष्ट लिहा. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नोंदी नीट ठेवतं, फक्त तयार सूचीत 'आणि', 'संपा.', 'पृ.' यांच्या जागी इंग्रजी रूपं उमटतात. ती शेवटी हातानं बदलावी लागतात.

आणि जे वाचलं नाही ते सूचीत घालू नका. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत झालेलं घेतलं असेल तर 'उद्धृत' असं म्हणून त्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव द्या. एआयनं सुचवलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत जाऊन पाहा. अशा संदर्भांत कधीच न लिहिली गेलेली पुस्तकं बेमालूम मिसळलेली असतात.

उसनवारी आणि टक्केवारी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांप्रमाणे आधीच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पुढच्या पायऱ्या आहेत. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेले उतारे, ऋणनिर्देश हे त्या मोजणीतून वगळायचे असतात. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढलेला असेल तर त्याच्याशीच साम्य निघेल. घाबरू नका, पण 'हा निबंध माझ्या प्रबंधाच्या अमुक प्रकरणावर आधारित आहे' हे संपादकांना पत्रात कळवा.

टक्का कमी आला म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. इंग्रजी पुस्तकातली तीन पानं मराठीत उतरवून श्रेय दिलं नाही, तर सॉफ्टवेअरला बहुधा पत्ता लागत नाही. परीक्षकाला लागतो, कारण ते पुस्तक त्यानंही वाचलेलं असतं.

मोठा उतारा आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय द्या. मोडीतून उतरवलेल्या मजकुराचं शुद्धलेखन सुधारू नका. तुम्ही घातलेलं एखादं अक्षरसुद्धा चौकटी कंसात हवं.

तक्ते, नकाशे, फोटो

तक्त्याचं शीर्षक वर, चित्राची ओळ खाली, आणि दोन्हींना क्रमांक. मजकुरात 'खालील तक्त्यात' न म्हणता 'तक्ता २ मध्ये' म्हणा, कारण छापताना तक्ता पुढच्या पानावर जाऊ शकतो. फोटो वर्डमध्ये चिकटवून थांबू नका, मूळ फाइल वेगळी पाठवा. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे दहा सेंटिमीटर रुंद चित्रासाठी साधारण १,१८० पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वाटेत आक्रसलेला असतो. तो ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ मागून घ्या आणि छापायची परवानगीही लेखी घ्या. भारताची सीमा दाखवणारा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूम असावा.

पाठवण्यापूर्वी आणि नंतर

संहिता कागदावर छापून एकदा वाचा. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम जवळ असू द्या. आकडे देवनागरी ठेवायचे की इंग्रजी, हे एकदा ठरवा. टिपांत एक आणि मजकुरात दुसरे असं नको.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरतं : "मा. संपादक, स. न. वि. वि. 'अमुक' हा निबंध आपल्या पत्रिकेसाठी विचारार्थ पाठवत आहे. तो अन्यत्र प्रकाशित झालेला नाही व अन्यत्र पाठवलेला नाही. शब्दसंख्या टिपांसह इतकी. आपल्या अभिप्रायाची वाट पाहतो/पाहते." पदव्यांची यादी, विषयाचं महत्त्व, पदोन्नतीची निकड यांपैकी काही लिहू नका. पोच आली नाही तर आठवड्यानं विचारा. निर्णयासाठी तीनेक महिने थांबून मग सौम्य स्मरणपत्र लिहा. बहुतेक मराठी पत्रिका दोन-तीन माणसं आपली नोकरी सांभाळून चालवतात.

परीक्षकाचे आक्षेप आले की ते एका तक्त्यात उतरवा : एका रकान्यात आक्षेप, शेजारी तुम्ही काय बदललं आणि कोणत्या पानावर. पटला नाही तो आक्षेप सकारण नाकारता येतो. 'परीक्षकांचा गैरसमज झाला आहे' असं मात्र लिहू नका. त्यांचा गैरसमज झाला असेल तर वाक्य तुमचंच धूसर होतं, ते बदला.

शेवटी मुद्रितं (प्रूफं) येतात. आता नवा परिच्छेद सुचला तरी आवरा. एक ओळ वाढली की पुढची पानं सरकतात आणि टिपाही त्यांच्याबरोबर. फक्त चुका बघायच्या : स्वतःचं नाव आणि संस्थेचं नाव आधी, मग सगळे आकडे, मग टिपांचे क्रमांक मजकुरातल्या जागांशी जुळतात का, आणि युनिकोडमधून जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना कुठे 'ऱ्या' तुटलाय का. दुरुस्त्या पृष्ठ आणि ओळीच्या क्रमांकासह एकाच ईमेलमध्ये पाठवा. चार दिवसांत चार ईमेल गेले तर त्यातला एक नक्की राहून जातो.